हरले त्या दिवशी जास्त जवळचे झालेले खेळाडू

जुना इंदुरी

मंडळी, आवडत्या खेळाडूंवरचे धागे इथे दर दोन महिन्यांनी निघतात आणि मी ते सगळे वाचतो. कुणाची शतकं, कुणाची पदकं, कुणाचे गोल. छान वाटतं वाचायला. पण बरेच दिवस एक वेगळा प्रश्न मनात घोळतोय, तो आज विचारतो. तुमचा लाडका खेळाडू हरला, तो दिवस तुम्हाला आठवतो का? त्या दिवशी तो मनातून थोडा उतरला, की आणखी जवळचा झाला?

माझ्या बाबतीत हा प्रश्न १९७४ साली सुटला. दहावीत होतो, शाळेच्या हॉकी संघाचा गोलकीपर. शाळांच्या स्पर्धेचा अंतिम सामना, एक-एक बरोबरी, शेवटची चार-पाच मिनिटं राहिलेली. डीच्या, म्हणजे गोलसमोरच्या अर्धवर्तुळाच्या, टोकावरून समोरच्या पोरानं फटका मारला. फटक्यात दम नव्हता, बॉल जमिनीला धरून टप्पे खात येत होता. मी पॅड जुळवले, निदान मला तसं वाटलं. बॉल दोन्ही पॅडांच्या मधून गेला, माझ्या उजव्या टाचेला लागला आणि मागे घरंगळला. वळून बघतो तर तो जाळीपर्यंतसुद्धा पोचला नव्हता. चुन्याच्या रेषेपलीकडे वीतभर जाऊन थांबला होता. तो थांबलेला बॉल मला आजही दिसतो, त्याच्यावरचा चुन्याचा डाग दिसतो.

बाबा मिलमध्ये कारकून. दुसऱ्या पाळीतून रजा काढून सामना बघायला आले होते. सामना संपल्यावर त्यांनी मला सायकलच्या दांडीवर बसवलं, त्या वयात दांडीवर बसायची लाज वाटत होती तरी बसलो, आणि घरी न नेता थेट राजवाड्यावर नेलं. इंदूरच्या माणसाला हे वेगळं सांगायला नको, आपण जिंकल्यावर राजवाड्यावर जातो. पुढे क्रिकेटच्या प्रत्येक मोठ्या विजयानंतर तिथे झेंडे घेऊन गर्दी करताना मी स्वतः रात्री जागवल्या. पण हरल्यावर राजवाड्यावर आलेली त्या दिवशी आम्ही दोघंच असू. बाबांनी दोन कट चहा सांगितले आणि म्हणाले, "महूच्या शंकर लक्ष्मणचं नाव ऐकलंयस ना? रोमला एकच गोल गेला रे त्याच्यावर. एकच. आणि अठ्ठावीस सालापासून घरात असलेलं सोनं गेलं. मग तो काय महूला येऊन दार लावून बसला?"

शंकर लक्ष्मण हे नाव नव्या मुलांना माहीत नसेल म्हणून थोडं सविस्तर लिहितो. जन्म १९३३ सालचा, महूचा, म्हणजे आपल्यापासून तेवीस-चोवीस किलोमीटरवरचा. लष्करात बँडमध्ये भरती झाला, पुढे मराठा लाइट इन्फन्ट्रीत होता. १९५६ च्या मेलबर्न ऑलिम्पिकमध्ये भारतानं अख्ख्या स्पर्धेत एकही गोल खाल्ला नाही. अडतीस गोल केले, खाल्ला शून्य. गोलमध्ये शंकर. १९६० साली रोमला अंतिम सामन्यात पाकिस्तानच्या नसीर बुंदानं पहिल्या काही मिनिटांतच गोल केला आणि तो फिटला नाही. १९२८ पासून ऑलिम्पिकमध्ये भारत हॉकीचा एकही सामना हरलेला नव्हता. म्हणजे बत्तीस वर्षांत पहिल्यांदा हार झाली, ती अंतिम सामन्यात, आणि त्या गोलसमोर आपल्या मुलखातला माणूस उभा होता.

चार वर्षांनी टोकियोला पुन्हा अंतिम सामना, पुन्हा पाकिस्तान, पुन्हा गोलमध्ये शंकर लक्ष्मण. मोहिंदरलालनं गोल केला, भारत एक-शून्यनं जिंकला. या वेळी शून्य त्यांच्याकडे राहिलं, कारण पाकिस्ताननं जे जे फेकलं ते शंकरनं अडवलं. १९६६ साली बँकॉकच्या एशियाडमध्ये तो कर्णधार होता आणि तिथेही सोनं. त्या काळात गोलकीपरला कर्णधार करत नसत.

बाबांनी मला टोकियोचं नंतर सांगितलं. आधी रोमचं सांगितलं, आणि चहा संपेपर्यंत रोमवरच थांबले. मला वाटतं त्यांना मला एवढंच कळवायचं होतं की आज तू ज्या जागी आहेस तिथे तोही उभा होता.

२००६ साली शंकर लक्ष्मण महूतच गेले. पायाला गँगरीन झालं होतं, हलाखी होती. तीन ऑलिम्पिक, दोन सुवर्ण, एक रौप्य, पद्मश्री, अर्जुन, आणि शेवट असा. त्या दिवशी बाबा नव्हते, ते आधीच गेले होते. मी बातमी वाचली आणि कुणाला फोन करावा ते कळेना.

आता बाकीचे माझे लाडके.

होळकर संघ, म्हणजे इंदूरच्या होळकर संस्थानाचा क्रिकेट संघ. मी तो पाहिलेला नाही, पण बाबांकडून इतका ऐकलाय की यशवंत क्लबच्या मैदानावर मीच बसलो होतो असं वाटतं. लोक त्यांची चार रणजी विजेतेपदं मोजतात. १९४४-४५ ते १९५४-५५ या अकरा हंगामांत तो संघ दहा वेळा अंतिम फेरीत गेला, त्यात सहा वेळा हरला. बाबांना सगळ्यात प्रिय सामना या सहांतलाच. मार्च १९४५, मुंबईत ब्रेबॉर्नवर. मुंबईचे दुसऱ्या डावात ७६४, विजय मर्चंट २७८. होळकरला जिंकायला ८६७ धावा हव्या होत्या. असल्या धावा कोण करतं? पण आपल्या मुश्ताक अलींनी पहिल्या डावात शतक ठोकलं होतं, दुसऱ्यातही ठोकलं. आणि इंग्लंडचा डेनिस कॉम्प्टन, तो महायुद्धामुळे महूच्या छावणीत होता, नाबाद २४९. होळकर ४९२ पर्यंत गेले आणि ३७४ धावांनी हरले. बाबा तेव्हा सतरा वर्षांचे. ते म्हणत, हरल्याची बातमी आली तरी गल्लीत लोक धावा मोजत होते, जणू उरलेल्या ३७४ उद्या करणार आहेत.

त्याच्या पुढच्याच हंगामात होळकरनं म्हैसूरविरुद्ध ८ बाद ९१२ केल्या, एका डावात सहा शतकं, आणि विजेतेपदही घेतलं. हे सगळे सांगतात. मला ती ४९२ जास्त आवडते.

राहुल द्रविड. जन्म इंदूरचा, तेवढ्यावरून आम्ही हक्क सांगतो. माझा द्रविड जिंकून देणाऱ्या ॲडलेडचा किंवा रावळपिंडीचा नाही. २०११ च्या इंग्लंड दौऱ्यातला आहे. चार कसोट्या, चारही हरलो. त्यात द्रविडची तीन शतकं. ओव्हलला सलामीला आला आणि शेवटपर्यंत नाबाद १४६. संघ बाद झाला, फॉलोऑन मिळाला, आणि हा माणूस दहा मिनिटांत पुन्हा पॅड बांधून सलामीला आला. हेल्मेटच्या पट्ट्याशी हनुवटीवर घाम ओघळत होता. वय अडतीस. मी दिवाणखान्यात एकटा बसून टीव्ही बघत होतो आणि उठून उभा राहिलो. का ते सांगता येणार नाही.

मिल्खासिंग, रोम १९६०, ४०० मीटर, चौथा. तिसऱ्याला ४५.५, याला ४५.६. त्यावर सगळ्यांनी लिहून झालंय, मी फक्त नाव नोंदवतो.

तुमचे सांगा.

मोतीबागेजवळचा

काका, धाग्याबद्दल मनापासून धन्यवाद. आम्ही बडोदेकर, आणि १९४६-४७ च्या अंतिम सामन्यात तुमच्या होळकरला हरवणारे आम्हीच. हजारे २८८, गुल महंमद ३१९, चौथ्या गड्यासाठी ५७७ ची भागी. बडोद्याचे ७८४, तुमचे २०२ आणि १७३. एका डावानं आणि ४०९ धावांनी. माफ करा, पण लिहिल्याशिवाय राहवलं नाही. ५७७ चा विक्रम पुढे २००६ पर्यंत टिकला.

पण तुमच्या प्रश्नाला आमच्याकडे एकच उत्तर आहे, आणि ते तेच विजय हजारे.

आमच्या आजोबांची मोतीबाग मैदानावर रोजची फेरी असायची. ते हजाऱ्यांचं वर्णन करायचे ते धावांचं नसायचं, उभं राहण्याचं असायचं. बॅट धरताना दोन्ही हातांत अंतर, पॅडजवळ बॅट, मान खाली, चेंडू टाकेपर्यंत हालचाल नाही. आजोबा अंगणात काठी घेऊन तसे उभे राहून दाखवत आणि मग आम्हा पोरांनाही तसंच उभं करत.

आता त्यांचे हरलेले दिवस ऐका. डिसेंबर १९४३, धर्मावार संघांच्या पंचरंगी स्पर्धेचा अंतिम सामना, हिंदू विरुद्ध शेष, म्हणजे उरलेल्यांचा संघ, त्यात हजारे. मर्चंट नाबाद २५०, हिंदूंचे ५ बाद ५८१. शेष पहिल्या डावात १३३. दुसऱ्या डावात संघाच्या धावा ३८७, त्यात एकट्या विजय हजाऱ्यांच्या ३०९. त्यांचा धाकटा भाऊ विवेक दुसऱ्या टोकाला उभा राहिला. दोघांची ३०० ची भागी, त्यात विवेकच्या एकवीस. एकवीस धावा करून भावाला तीनशेपर्यंत नेणारा तो दुसरा हजारे, आजोबा त्याचं नाव नेहमी आधी घ्यायचे. एवढं करून शेष संघ एका डावानं आणि ६१ धावांनी हरला.

मग जानेवारी १९४८, ॲडलेड. समोर ब्रॅडमनचा संघ, लिंडवॉल, मिलर. हजारे पहिल्या डावात ११६, दुसऱ्यात १४५. कसोटीच्या दोन्ही डावांत शतक करणारा पहिला भारतीय. आणि सामना? एका डावानं आणि १६ धावांनी हरलो.

तुमच्या प्रश्नाआधी कधी हे असं लक्षात आलं नव्हतं, आज लिहिता लिहिता आलं. त्यांचे काही सगळ्यात मोठे डाव हरलेल्या सामन्यांतले आहेत. आणि भारतानं पहिली कसोटी जिंकली, मद्रासला, फेब्रुवारी १९५२ मध्ये, तेव्हा कर्णधार कोण होते? हजारेच. त्या सामन्यात त्यांच्या बॅटमधून फारसं काही आलं नाही, पण कर्णधार तेच होते. आजोबा म्हणायचे, देणं चुकतं झालं.

तालमीतला

खाशाबा जाधव. माझ्यासाठी दुसरं नाव नाही.

१९५२, हेलसिंकी, कांस्य. स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिम्पिक पदक. सगळे त्या पदकाचा जयजयकार करतात, करायलाच हवा. पण तो दिवस खाशाबांच्या मनाप्रमाणे गेलेला नव्हता. जपानच्या इशीबरोबर लांबलेली कुस्ती झाली, ती हरले, आणि लगेच सोव्हिएत मल्लाशी लढायला उभं केलं. दोन कुस्त्यांमध्ये अर्ध्या तासाची विश्रांती मिळायला हवी होती. ते तिथे बोलायला आपला कुणी जबाबदार माणूस हजर नव्हता. दमलेल्या अंगानं लढले, हरले. नाहीतर कांस्यापेक्षा वरचं होतं.

ज्यानं कुस्ती केलीय त्याला हे अंगात कळेल. एक लांब कुस्ती झाली की हाताची पकड जाते. बोटं वळत नाहीत. मनगट धरायला जावं तर समोरच्याचं मनगट साबणासारखं निसटतं. त्या हातांनी खाशाबा आखाड्यात परत गेले.

जायला पैसेही कसे जमवले ते माहीतच असेल. कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी आपलं घर गहाण ठेवून सात हजार दिले. परत आल्यावर खाशाबांनी कुस्त्या लावून ते कर्ज फेडलं. आमच्या आखाड्यात, इंदुरात, मारुतीच्या शेजारी खाशाबांचा फोटो आहे. लाल मातीत उतरताना आधी मारुती, मग खाशाबा. पोरं विचारतात हे कोण, मग उस्ताद सांगतात.

टिळकनगरची लेक

काका, तुमचा बॉल वाचून डोळे भरले. माझे बाबाही असेच होते, निकाल लागल्यावर आधी चहा.

माझं उत्तर पी. टी. उषा. ऑगस्ट १९८४, लॉस एंजेलिस, ४०० मीटर अडथळ्यांची शर्यत. बायकांची ही शर्यत त्या ऑलिम्पिकमध्ये पहिल्यांदाच होती. तिसरी ५५.४१, उषा ५५.४२. शेकड्यात एक, म्हणजे सेकंदाचा शंभरावा भाग. मी तेव्हा बारा वर्षांची होते आणि खो-खो खेळायचे. आमच्या बाईंनी दुसऱ्या दिवशी सरावाला स्टॉपवॉच आणलं आणि आम्हाला म्हणाल्या, चालू करून बंद करा, जितक्या लवकर जमेल तितक्या लवकर. अंगठा दाबला आणि लगेच सोडला तरी दहा-बारा शेकडे जायचे. एक शेकडा आम्हाला कुणालाच धरता आला नाही. सगळ्या मुली गप्प झाल्या. त्या दिवशी बाईंनी आणखी काही शिकवलं नाही, फक्त खांबाला शिवताना छाती पुढे टाकायला लावली.

दुसरं नाव आपल्या गावचं, संध्या अग्रवाल. इंदूरच्या कितीजणांना माहीत आहे की १९८६ साली वूस्टरला इंग्लंडविरुद्ध तिनं १९० धावा केल्या आणि १९३५ सालचा बेटी स्नोबॉलचा १८९ चा जागतिक विक्रम मोडला? महिलांच्या कसोटीतली तेव्हाची सगळ्यात मोठी खेळी, इंदूरच्या मुलीच्या नावावर. तेरा कसोट्या, चार शतकं, सरासरी पन्नासच्या वर. तिची हार मैदानावरची नाही. १९८८ च्या विश्वचषकाला भारताचा महिला संघ गेलाच नाही. ती पंचविशीत होती, फॉर्मात होती. खेळायलाच न मिळणं याला काय म्हणायचं? मी तरी त्याला हारच म्हणते, आणि ती तिनं केलेली नाही.

आमच्या कॉलनीतले काका लोक होळकर संघाच्या गोष्टी तासन्‌तास सांगतात. त्यांच्या तोंडून हे नाव मी एकदाही ऐकलं नाही. आज रागावून लिहितेय, पण खरं लिहितेय.

जुना इंदुरी

ताई, रागावलात ते बरोबर आहे. त्या काकांत मीही आहे. माझ्या पहिल्या पोस्टमध्ये त्यांचं नाव असायला हवं होतं, नाही घेतलं. वूस्टरच्या १९० चं कौतुक मी कधी कुणाला ऐकवलेलं नाही. या रविवारी नातीला ऐकवतो.

लष्करकर

ग्वाल्हेरहून हजेरी.

२४ फेब्रुवारी २०१०, रूपसिंग स्टेडियम, सचिन नाबाद २००. मी तिथे होतो. पुरुषांच्या एकदिवसीय क्रिकेटमधलं पहिलं द्विशतक माझ्या गावात झालं, आणि ज्याच्या नावाचं ते मैदान आहे तो रूपसिंग, ध्यानचंदचा धाकटा भाऊ, आमच्या शिंदे सरकारच्या फौजेतला. १९३२ च्या ऑलिम्पिकमध्ये अमेरिकेवर चोवीस गोल झाले त्यात दहा त्याचे. हे सगळं मी पाहुण्यांना सांगतो.

पण धाग्याचा प्रश्न वाचला आणि मला आठवलं ते हैदराबाद. ५ नोव्हेंबर २००९. ऑस्ट्रेलियाचे ३५०. सचिन १४१ चेंडूंत १७५. एकोणीस धावा हव्या असताना बाद झाला आणि आपण तीन धावांनी हरलो. त्या रात्री आमच्या घरी जेवणं झाली नाहीत. आई म्हणाली, छत्तीस वर्षांच्या माणसानं आणखी किती ओढायचं?

त्यानंतर साडेतीन महिन्यांत तो ग्वाल्हेरला आला. २०० वी धाव त्यानं पॉइंटकडे ढकलून काढली, हेल्मेट काढलं, वर बघितलं. स्टेडियम ओरडत होतं. माझ्या शेजारच्या आजोबांनी मात्र बोटं मोडून हिशेब केला आणि म्हणाले, यातल्या पंचवीस हैदराबादला द्यायला हव्या होत्या.

महूनाका

+१. शंकर लक्ष्मण यांच्यासाठी हात जोडून. महूचेच किशनलालही विसरू नका, १९४८ ला वेम्बलीवर ब्रिटनला चार-शून्य हरवलं त्या संघाचे कर्णधार.

पॅडेड अप

सगळ्यांना नमस्कार. मी इथला बहुतेक सगळ्यात लहान, वय एकोणीस, अकादमीत खेळतो. थोडं वेगळं मत आहे, वाईट वाटून घेऊ नका.

मला वाटतं आपल्याकडे हरलेल्यांवर प्रेम करायची सवय जास्तच आहे. चौथा नंबर, शेकड्यात एक, तीन धावांनी. आम्ही लहानपणापासून हेच ऐकत आलो. मग समोरचा जिंकायला येतो आणि आम्ही छान खेळायला जातो. मला अभिनव बिंद्रा आवडतो, नीरज चोप्रा आवडतो. गेले आणि सोनं घेऊन आले. आणि माझा सगळ्यात लाडका म्हणजे आमचा रजत पाटीदार. जून २०२२, चिन्नास्वामी, रणजी अंतिम सामना, समोर मुंबई. यश दुबे १३३, शुभम शर्मा ११६, रजत १२२. सहा गडी राखून जिंकलो. एमपीचं पहिलं रणजी. त्या रात्री मी राजवाड्यावर होतो आणि माझा आवाज दोन दिवस बसला होता. हरलेल्या दिवसांनी मला काही दिलं असतं असं वाटत नाही.

जुना इंदुरी

बाळा, वाईट कशाला वाटेल. तू लिहिलंस ते अगदी खेळाडूनं लिहावं तसं आहे, आणि मैदानात उतरताना हेच डोक्यात असायला हवं. मी प्रेक्षक म्हणून बोलतोय, तू खेळाडू म्हणून. दोन्हींत फरक राहणारच.

पण तू ज्या विजयाचं नाव घेतलंस त्याच्या मागचं थोडं सांगतो, कारण ते घडलं तेव्हा तू जन्मलाही नव्हतास.

एप्रिल १९९९. रणजीचा अंतिम सामना, मध्य प्रदेश विरुद्ध कर्नाटक, हेच बेंगळुरू, हेच चिन्नास्वामी. पहिल्या डावात आपल्याकडे ७५ धावांची आघाडी. म्हणजे सामना नुसता अनिर्णित ठेवला तरी करंडक आपला. शेवटचा दिवस, २४७ चं लक्ष्य. बाद न होता दिवस काढायचा, एवढंच काम. चहापानापर्यंत सगळं ठीक वाटत होतं, मी ऑफिसात रेडिओला कान लावून बसलो होतो. मग विजय भारद्वाजचे चेंडू वळायला लागले आणि एकामागून एक गडी गेले. १५० ला सगळे बाद. ९६ धावांनी हरलो. ऑफिसातल्या कुणालाही त्या दिवशी माझ्याशी बोलायचं धाडस झालं नाही.

त्या संघाचा कर्णधार होता चंद्रकांत पंडित. मुंबईचा माणूस, यष्टिरक्षक, शेवटची वर्षं आपल्याकडून खेळला.

तेवीस वर्षांनी त्याच मैदानावर तुझ्या रजतनं शतक केलं तेव्हा प्रशिक्षक कोण होता? तोच पंडित. विजयाची धाव निघाली आणि तो मैदानात आला, डोळे पुसत होता, वाकून जमिनीला हात लावला. टीव्हीवर सगळ्या देशानं बघितलं. तू राजवाड्यावर नाचत होतास. मी घरी होतो आणि मला त्या वाकलेल्या पाठीत १९९९ दिसत होतं. ज्यांनी तो दिवस पाहिला नव्हता त्यांना एक प्रशिक्षक आनंदानं रडताना दिसला असेल. आम्हाला आणखी काहीतरी दिसलं. तुझ्यापेक्षा आमचा आनंद मोठा होता असं मी म्हणत नाही. जुना होता, इतकंच.

टिळकनगरची लेक

काका, पंडितांवरून मला याना नोव्होत्ना आठवली. विम्बल्डन १९९३ चा अंतिम सामना. स्टेफी ग्राफविरुद्ध तिसऱ्या सेटमध्ये चार-एक अशी पुढे होती आणि तिथून सामना गेला. बक्षीस घेताना केंटच्या डचेसच्या खांद्यावर डोकं ठेवून रडली. १९९७ ला पुन्हा अंतिम सामना, पुन्हा हार, हिंगिसकडून. १९९८ ला जिंकली. तेव्हाही समोर त्याच डचेस. घरात सगळे स्टेफीचे भक्त, मीसुद्धा. पण ९३ च्या त्या दिवसापासून मी याना हरू नये म्हणून मनातल्या मनात रामरक्षा म्हणायला लागले. २०१७ मध्ये ती गेली, पन्नाशीही पूर्ण झाली नव्हती. माझी कधी भेट झालेली नसलेली मैत्रीण होती ती.

मोतीबागेजवळचा

आणखी एक नाव राहू नये म्हणून. अविनाश साबळे, बीड जिल्ह्यातल्या मांडव्याचा, महार रेजिमेंटचा जवान. २०२२ च्या राष्ट्रकुल स्पर्धेत ३००० मीटर स्टीपलचेसमध्ये रौप्य. पहिला आला त्याला ८ मिनिटं ११.१५ सेकंद, याला ११.२०. शेवटच्या शंभर मीटरमध्ये केनियाच्या माणसाच्या खांद्याशी खांदा आणून ठेवला होता. त्याच्या आधीच्या सहा राष्ट्रकुल स्पर्धांत या शर्यतीची तिन्ही पदकं केनियाचीच असायची. पाच शेकडे कमी पडले, पण ती तिघांची रांग एका दुष्काळी भागातल्या पोरानं मोडली. पॅडेड अप, याला तू हार म्हणशील की जीत?

पॅडेड अप

दादा, खरं सांगायचं तर काल रात्री तुमची पोस्ट वाचून ती शर्यत शोधून बघितली, तीनदा. उत्तर नाही माझ्याकडे. तो रेषेवर पोचल्यावर हरल्यासारखा दिसत नाही.

काका, एक विचारू? गेल्या महिन्यात एका निवड चाचणीत माझ्या हातून शेवटच्या षटकात सोपा झेल सुटला. नाव यादीत आलं नाही. त्यानंतर मी दोन आठवडे नेट्सला गेलो नाही, घरी पाठदुखी सांगितली. मगाशी मोठ्या तोऱ्यात लिहिलं ते त्यामुळेच असेल. तुम्ही तो बॉल पॅडमधून गेल्यावर पुन्हा गोलमध्ये उभे राहिलात का?

जुना इंदुरी

राहिलो. पुढच्याच वर्षी, अकरावीत. त्या वर्षी आम्ही उपांत्य फेरीपर्यंत गेलो आणि दोन-एक असे हरलो. दुसरा गोल लाँग कॉर्नरवरून आला. माझा डावा पॅड त्याला लागला होता, पण बॉल उसळून आत गेला. त्याआधी मात्र सात-आठ चांगले अडवले होते, एक तर पूर्ण आडवा पडून, त्याची कोपरावरची खूण अजून आहे. बाबा गोलच्या मागे सायकल धरून उभे होते. सामना संपल्यावर मी स्वतःच सायकलजवळ गेलो. दांडीवर बसलो नाही, म्हणालो तुम्ही मागे बसा, मी चालवतो. त्यांनी कॅरिअरवर माझे पॅड मांडीत घेतले आणि आम्ही राजवाड्यावर गेलो.

उद्या नेट्स किती वाजता आहे तुझं? मी सकाळी फिरायला निघतोच. मैदान कुठलं ते व्यक्तिगत निरोपात कळव, चहा माझ्याकडून.

पॅडेड अप

साडेसहा. निरोप पाठवलाय काका.